भेग पडेपर्यंत

माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
मी चाळण्या धुतल्या. दोन मिलिमीटरची, अर्ध्याची,
आणि एक अशी, जिच्यातून पीठसुद्धा लाजत उतरेल.
नाचातलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगतो.

उल्का मेश्राम मार्चमध्ये आली.
पायात घुंगरू नाहीत, झिजलेले बूट.
म्हणाली, काका, माती कशी हलते ते दाखवा.
मी हसलो. माती कायची हालते वं पोरी,
आपणच हालवतो तिले, फावड्यानं.

मग उमरेड रोडवरचे विजेचे खांब आठवले,
दर उन्हाळ्यात थोडे आणखी कललेले,
ऐकू येत नाही म्हणून वाकल्यासारखे.
आणि माझ्याच घराची भिंत,
मी तीनदा बुजवलेली, तिनं तीनदा उघडलेली.

कपाटातून एक ढेकूळ काढलं.
हिंगण्याकडचं, सव्वा मीटर खोलीवरचं.
एक बाजू चकचकीत, म्हशीच्या शिंगासारखी.
हे कोणी घासलं?
मातीनंच मातीला. फुगल्यावर जागा कमी पडते ना.
ती बोट फिरवत राहिली.
माझा चहा त्या दिवशी थंड झाला.

मे महिना, शंकरनगरचं सभागृह,
बाहेर पंचेचाळीस पूर्णांक आठ.
स्टेजच्या कडेला हर्षद निनावे
काचेवर काळा चिखल पसरतोय.
काचेखाली उजेड, वर तापलेला दिवा,
मागच्या पडद्यावर चिखल भिंतीएवढा.
ठरलं होतं ते एवढंच:
भेग पडेल तिथून नाच सुरू होईल,
भेग वळेल तिकडे पाय वळतील.
चार पोरी आडव्या, अंगाला अंग लावून,
पापुद्र्यावर पापुद्रा.

पाच मिनिटं. दहा.
पडदा काळाच.
कोणी खोकलं. प्रमुख पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं,
मग छत पाहिलं.
मागून एक पोरगं: लाइन गेली काय बे?

तेव्हा मला तो ऐकू आला.
डावीकडच्या दारात, ड्रमाएवढा कूलर,
वाळ्याचा वास सोडत
सगळ्या हॉलला ओल वाटत बसलेला.
ओव्हनचं दार उघडं टाकणाऱ्या किती पोरांना
मी आयुष्यभर रागावलोय!
उठलो. गुडघा वाजला. बटण दाबलं.

हॉल एकदम मुका.
मग कुरकुर, मग पत्रिकांचे पंखे,
मानेवरून पाठीत उतरणारा घाम.
सतरा जण उठून गेले, मी मोजले.
मी कूलरसमोर उभा, हात मागे बांधून,
कोणी येऊन बघाच म्हटलं.

आणि वरच्या कोपऱ्यात
केसाएवढा उजेड निघाला.
थोडा आला, थांबला,
काही आठवल्यासारखा वळला.
उल्काची टाच उचलली गेली.

दुसरी भेग आली ती पहिलीला काटकोनातच भिडली.
तसंच होतं नेहमी, ट्रेमध्ये हजारदा पाहिलंय,
पण ट्रेमध्ये तळवे नव्हते,
श्वास रोखून धरलेली बरगडी नव्हती.
पोरी एकमेकींपासून सुटत गेल्या.
वरची घसरून खाली गेली,
तिच्या जागी खालची वर आली,
नांगर नाही, बैल नाही,
खांद्याला खांदा घासत,
आणि घासता घासता घामानं
ते दोन्ही खांदे चकचकले.

मला ते ढेकूळ दिसलं.
हिंगण्याच्या खड्ड्यात उतरलेला मीही दिसलो,
तिशीतला, टेप धरून
सेंटिमीटर ओरडून सांगणारा.
एवढी वर्षं त्या हालचालीच्या आत उभा होतो
आणि आकडे लिहीत होतो.

नंतर हर्षद काच झाडायला लागला. थांब, म्हटलं.
कडा वर वळलेला एक तुकडा उचलला,
खिशातल्या पाकिटात घातला,
सवयीनं वर लिहायला लागलो:
तारीख. ठिकाण. रंग, सुकल्यावर.
खोलीच्या रकान्याशी पेन अडलं.

दारातून डेकोरेशनवाला:
काका, आता तरी चालू करू का?
कर बापा, म्हटलं.